पत्ता नसलेली पोस्टरं

उपयोजित कला शिकवणाऱ्या कुठल्याही कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन बघायला गेलात, तर एक भिंत हमखास भेटते. पर्यावरणाची भिंत. तिच्यावर आइस्क्रीमसारखी वितळणारी पृथ्वी असते. फुप्फुसांच्या आकाराचं झाड असतं आणि त्यातलं एक फुप्फुस वठलेलं असतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत अडकलेला मासा असतो. खाली दोन-तीन शब्दांची इंग्रजी ओळ, बहुतेकदा 'सेव्ह'नं सुरू होणारी. शेजारची भिंत सामाजिक विषयांची: बालमजुरी, स्त्रीभ्रूणहत्या, मोबाइलचं व्यसन. तिथंही तीच तऱ्हा. साखळीने बांधलेले हात, कोमेजलेली कळी, मोबाइलच्या पडद्याआड कैद झालेला चेहरा.

काम वाईट नसतं. रेषा स्वच्छ असते, रंग जमलेले असतात, मोकळी जागा कुठे सोडायची हे मुलांना कळलेलं असतं. तरीही बाहेर पडून चहाच्या टपरीवर पोहोचेपर्यंत त्यातलं एकही चित्र डोक्यात उरत नाही. असं का होतं?

हा प्रश्न मी तिऱ्हाइतासारखा विचारू शकत नाही. तिसऱ्या वर्षाला असताना मीही 'पाणी' हाच विषय घेतला होता. होस्टेलला तेव्हा सकाळी पाऊण तास पाणी यायचं आणि एप्रिलपासून दिवसाआड टँकर. टँकरचा हॉर्न वाजला की जिन्यात बादल्यांची रांग लागायची, भांडणं व्हायची. एकदा एका मुलीचा पाय घसरून हात मोडला. आणि मी चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून नळाच्या तोटीतून पडणाऱ्या थेंबात पृथ्वी बसवत होते. थेंबावरची चकाकी नीट यावी म्हणून दोन रात्री जागले. टँकर माझ्या एकाही स्केचमध्ये आला नाही. गुण चांगले मिळाले. पोस्टर फ्लेक्सवर छापलं होतं. प्रदर्शन संपल्यावर ते पावसाळ्यात सामानावर झाकायला कामी आलं. त्या पोस्टरनं पाण्याच्या बाबतीत केलेलं प्रत्यक्ष काम एवढंच.

कोण कुणाला सांगतंय?

अशा कामाबद्दल शिक्षक साधारण एकच तक्रार करतात: प्रतिमा घासून गुळगुळीत झाली आहे, नवी आयडिया आण. मुलगी बिचारी परत जाते आणि वितळणाऱ्या पृथ्वीऐवजी वितळणारी मेणबत्ती घेऊन येते. मला वाटतं, दुखणं प्रतिमेच्या जुनेपणात नाही. या पोस्टरांवर पत्ताच नसतो. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, कुठल्या जागेबद्दल बोलतंय, आणि ऐकणाऱ्यानं नेमकं काय करायचं, यातलं काहीच त्यांच्यात लिहिलेलं नसतं.

वितळणारी पृथ्वी कुणाला उद्देशून असते? 'माणसाला'. म्हणजे सगळ्यांना. एका बादलीत अंघोळ आणि कपडे उरकणारी मुलगी आणि रोज लॉनला पाइपनं पाणी घालणारा बंगलेवाला, दोघांकडे ते पोस्टर सारख्याच नजरेनं बघतं. दोघंही सारखेच दोषी. आणि दोष सगळ्यांचा असला की तो कुणीच घरी नेत नाही.

याच्या शेजारी महाराष्ट्रातली एक जुनी सरकारी घोषणा ठेवून बघा: 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली ही ओळ डिझाइनच्या प्रदर्शनात कुणी लावणार नाही. पण तिच्यात दोन नेमकी क्रियापदं आहेत. अडवायचं तर बांध हवा. जिरवायचं तर जमीन हवी, तिचा उतार माहीत हवा. म्हणजे बोलणाऱ्याला समोर कोण उभं आहे हे ठाऊक आहे: शिवारात कुदळ-फावडं घेऊन काम करणारा माणूस. घोषणेप्रमाणे किती ठिकाणी खरंच काम झालं, हा हिशेब वेगळा. पण घोषणा म्हणून ती पत्त्यावर पोहोचते. 'पाणी वाचवा'चं तसं नाही. मराठीत 'वाचवा' ही आरोळीही असते, आणि आरोळी ठोकणाऱ्याला कोण धावून येईल हे माहीत नसतं.

ही सवय येते कुठून? आपल्याकडच्या या शिक्षणाचा जन्म जाहिरातीच्या गरजेतून झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३०च्या दशकात सुरू झालेल्या विभागाचं नाव 'कमर्शियल आर्ट' होतं. १९५८ साली तो वेगळा होऊन उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. नाव बदललं, पण वर्गात शिकवला जाणारा साचा जाहिरात मोहिमेचाच राहिला: एक पोस्टर, एक वर्तमानपत्रातली जाहिरात, एक होर्डिंग, एक स्टिकर, एक टी-शर्ट. साबणाची मोहीम असो की पाण्याची, यादी तीच. साबण विकताना शेवटी काय करायचं हे उघड असतं, दुकानात जाऊन साबण घ्यायचा. पाण्याच्या मोहिमेत साबणाच्या जागी पाणी ठेवलं जातं, पण त्या शेवटच्या कृतीच्या जागी काय ठेवायचं याचा विचार राहून जातो. ती जागा मग 'जनजागृती' या शब्दानं भरली जाते.

आणि भाषा? मराठवाड्यातल्या दुष्काळावरचं पोस्टर इंग्रजीत असतं. कारण विचारलं की देवनागरीत चांगले फाँट मिळत नाहीत, असं ऐकायला मिळायचं. ही सबब आता चालत नाही. मुंबईच्याच 'एक टाइप'नं केलेले मुक्ता, बलू, मोदक यांसारखे देखणे देवनागरी फाँट फुकट उपलब्ध आहेत. पोस्टर इंग्रजीत होतं कारण ते दुष्काळातल्या माणसासाठी नसतं, परीक्षकासाठी असतं. पत्ता असतो, पण तो पोर्टफोलिओचा.

एका विद्यार्थ्याचे तीन बाण

'विद्यार्थी आहेत, त्यांच्या कामानं जगात काय फरक पडणार?' असं कुणी म्हणालं, तर हातातली पाण्याची बाटली उलटी करून दाखवावी. तळाशी एक छोटा त्रिकोण असतो, एकमेकांच्या मागे धावणाऱ्या तीन बाणांचा, आत एक आकडा. त्या बाणांचं मूळ एका विद्यार्थ्याच्या कामात आहे.

२२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्या सुमारास शिकागोच्या 'कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' या कागदी खोकी बनवणाऱ्या कंपनीनं कला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा ठेवली. पुनर्वापर केलेल्या कागदासाठी एक चिन्ह हवं होतं. पाचशेच्या आसपास प्रवेशिका आल्या. जिंकला गॅरी अँडरसन, लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात वास्तुकला शिकणारा २३ वर्षांचा तरुण. बक्षीस होतं २,५०० डॉलरचं.

चिन्ह म्हणून ते आजही चोख आहे. मोबियस पट्टी, म्हणजे एक पीळ देऊन टोकं जोडलेली, आत-बाहेर असा भेदच नसलेली पट्टी, ही त्यामागची कल्पना. प्रत्येक बाण घडी घातलेल्या कागदासारखा दिसतो, त्यामुळे वस्तू आणि तिचं चक्र दोन्ही एकाच आकारात येतात. अँडरसनच्या मूळ रेखाटनात हा त्रिकोण टोकावर उभा होता. कंपनीच्या डिझायनरनं तो फिरवून पायावर बसवला. बदल लहान वाटतो, पण परिणाम मोठा आहे. टोकावर उभा असताना तो गडगडत जाणाऱ्या वस्तूसारखा दिसला असता. पायावर बसल्यावर तो शिक्क्यासारखा दिसतो. एखादी गोष्ट झाली, संपली, प्रमाणित झाली, असं सांगणारा.

कंपनीनं त्याच्या ट्रेडमार्कसाठी केलेला प्रयत्न पुढे सोडून दिला, आणि चिन्ह सगळ्यांचं झालं. सगळ्यांचं, म्हणजे कुणालाही वापरता येईल असं. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेनं प्लॅस्टिकचे प्रकार ओळखण्यासाठी १ ते ७ असे आकडे ठरवले आणि ते आकडे धावत्या बाणांच्या त्रिकोणात बसवले. आकडा फक्त एवढंच सांगत होता की ही वस्तू अमुक प्रकारच्या प्लॅस्टिकची आहे. तिचा पुनर्वापर होतो की नाही, याबद्दल तो काहीच म्हणत नव्हता. पण बघणारा आकडा वाचत नाही, बाण वाचतो. बाण म्हणत होते: टाका बिनधास्त, हे परत येणार आहे.

ते फारसं परत आलं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, २०१५पर्यंत जगात निर्माण झालेल्या एकूण प्लॅस्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्क्यांचाच पुनर्वापर झाला होता. या गोंधळामुळे २०१३ साली अमेरिकेतल्या मानकात आकड्याभोवतीचे बाण काढून साधा भरीव त्रिकोण आणला गेला. २०२१ साली कॅलिफोर्नियानं ज्या वस्तूंचा प्रत्यक्ष पुनर्वापर होत नाही, त्यांच्यावर हे बाण वापरण्यावर बंधन घालणारा कायदा केला. कागदासाठी काढलेल्या एका चित्राची प्लॅस्टिकवरून उचलबांगडी करायला कायदा लागला.

यात अँडरसनचा दोष नाही. त्यानं मागितलं ते दिलं, आणि उत्तम दिलं. तरी समीक्षा करायची तर एक गोष्ट म्हणावी लागते: त्या चिन्हात माणूस नाही. बाण आपोआप फिरतात. कागद कोण गोळा करतं, कोण निवडतं, ने-आण कोण करतं, पैसे कोण देतं, आणि हे चक्र बंद पडलं तर जाब कुणाला विचारायचा, यातलं काहीच त्या सुंदर घडीत मावत नाही. म्हणूनच ते इतक्या सहज एका उद्योगाकडून दुसऱ्याकडे गेलं. पत्ता नसलेलं पाकीट कुणीही उचलून आपल्या खिशात घालू शकतं.

गंमत म्हणजे हाच आक्षेप त्याच वर्षी, त्याच ठिकाणी घेतला जात होता. या स्पर्धेचा निकाल कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन इथल्या आंतरराष्ट्रीय डिझाइन परिषदेच्या निमित्तानं लागला. कंटेनर कॉर्पोरेशनचे संस्थापक वॉल्टर पेपके यांच्याच पुढाकारानं ही परिषद सुरू झालेली. १९७०च्या परिषदेचा विषय पर्यावरण होता. तिथं आलेल्या विद्यार्थ्यांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी ज्येष्ठ डिझायनरांना घेरलं: नुसती भाषणं नकोत, ठराव करा, भूमिका घ्या. फ्रेंच गटाच्या वतीनं विचारवंत जाँ बोद्रियार यांनी लिहिलेलं निवेदन तर पर्यावरणाच्या या नव्या उत्साहावरच संशय घेणारं होतं. खरे राजकीय आणि सामाजिक झगडे झाकायला हा विषय सोयीचा पडतो, असा त्याचा रोख होता. एकाच परिषदेच्या छपराखाली एका विद्यार्थ्याचं चिन्ह गौरवलं गेलं आणि बाकीचे विद्यार्थी विचारत होते, जबाबदार कोण? जगभर पसरलं ते चिन्ह. प्रश्न मात्र आपल्या वर्गांपर्यंत आलाच नाही.

लाल ठिपका

आता पुण्यात येऊ, कारण बाणांच्या चित्रात जो माणूस नाही, तो इथं रोज सकाळी दारात येतो. घरोघरी कचरा गोळा करणाऱ्यांमध्ये मोठा वाटा कचरावेचकांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेचा, 'स्वच्छ'चा आहे. तिच्यामागे १९९३पासून काम करणारी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना. या बायका प्लॅस्टिक ओळखताना तळाचा त्रिकोण शोधत बसत नाहीत. वाकवून, चुरगाळून, आवाजावरून ओळखतात. भंगारवाला काय घेईल आणि काय नाही, हे त्यांना कुठल्याही छापील आकड्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं.

त्यांचा एक रोजचा त्रास म्हणजे कचऱ्यात तसेच टाकलेले वापरलेले सॅनिटरी पॅड. निवडताना ते हाताला लागतात. किळस वेगळी, आजाराची भीती वेगळी. २०१७च्या सुमारास 'स्वच्छ'नं घरोघरी एक साधी विनंती पोहोचवली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पुडीवर लाल ठिपका काढा. पुडीवर ठिपका दिसला की हात आत घालायचा नाही.

ग्राफिक डिझाइन म्हणून या ठिपक्याकडे बघा. तो काढायला कलाकार लागत नाही, घरातलं लाल पेन पुरतं. वाचायला अक्षरओळख लागत नाही. खर्च नाही. कुणी उचलून दुसऱ्या मालावर चिकटवावा असा त्यात काही फायदाही नाही. आणि मुख्य म्हणजे त्यावर दोन्ही बाजूंचा पत्ता आहे. एका घरातली बाई किंवा मुलगी दुसऱ्या, नाव माहीत नसलेल्या बाईला सांगते: हे उघडू नका. तो काढताना दर वेळी एक क्षण तरी तुम्हाला आठवावं लागतं की ही पुडी कुणाच्या तरी हातात जाणार आहे.

त्याच्याही मर्यादा आहेत. सगळा भार पुन्हा घरातल्या बाईवर येतो. पॅड बनवून विकणारा मोकळा राहतो. पण हे संघटनेच्या ध्यानात आधीच आलं होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी वापरलेले पॅड उत्पादक कंपन्यांनाच परत पाठवण्याची मोहीम काढली होती. पाकिटावर अक्षरशः पत्ता लिहिलेला! पुढे २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत, उत्पादकांनी पॅडच्या विल्हेवाटीसाठी वेष्टण द्यावं अशी तरतूदही आली. ठिपक्याला अर्थ आहे तो या सगळ्यामुळे. त्याच्यामागे माणसं उभी आहेत, भांडणारी संघटना आहे. एकटा ठिपका नुसता ठिपकाच राहिला असता.

याच संघटनेच्या आणखी एका छापील वस्तूबद्दल डिझाइनच्या वर्गात बोललं पाहिजे. १९९०च्या दशकात पुणे महापालिकेनं मान्य केलेली कचरावेचकांची ओळखपत्रं. फोटो, नाव, शिक्का. देखणेपणात तिला कुणी गुण देणार नाही. पण कुणी चोर म्हणून हटकलं, तर बाई ते कार्ड काढून दाखवू शकते. आपण केलेलं किती पोस्टर कुणाच्या असं उपयोगी पडलंय?

एका विहिरीचं कॅलेंडर

मुलांकडून मग अपेक्षा काय करायची? सहा-आठ आठवड्यांत कुणी संघटना उभारू शकत नाही, आणि तसं कुणी मागूही नये. मी एक लहानशी अपेक्षा करते, आणि ती पूर्ण होते हे मी पाहिलेलं आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या प्रदर्शनात, त्याच पर्यावरणाच्या भिंतीच्या टोकाला, खांबाच्या आड एक उंच, अरुंद कॅलेंडर टांगलेलं होतं. दर महिन्याच्या पानावर एका विहिरीचा उभा छेद. वरून खाली परसांच्या खुणा, कारण त्या मुलीच्या गावात खोली परसातच मोजतात. वडिलांनी दर महिन्याला दोर सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचं, फोनवर सांगायचं, आणि ती त्या पानावर निळी रेघ ओढायची. ऑक्टोबरात रेघ हाताशी होती. पानं उलटत गेलं की ती उतरत जायची. एप्रिलच्या पानावर ती शोधायला मान खाली घालावी लागत होती, मेच्या पानावर गुडघ्यावर बसावं लागत होतं. बारा पानांवर एकही घोषणा नव्हती.

कामात उणिवा होत्या. निळा इतका फिका छापला होता की दिव्याखाली रेघ हरवत होती. आणि कॅलेंडरवर फक्त महिने होते. पावसाचा हिशेब मृग, आर्द्रा, मघा अशा नक्षत्रांनी करणाऱ्या माणसासाठी ते करायचं, तर नक्षत्रं वगळून कसं चालेल? पण या उणिवा सुधारता येण्यासारख्या होत्या, कारण कुणासाठी सुधारायच्या हे ठरलेलं होतं. वितळणारी पृथ्वी सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगू शकत नाही.

परीक्षकांनी तिला विचारलं होतं म्हणे, "याला कॅम्पेन कसं म्हणायचं? एका विहिरीपुरतंच आहे हे." तिला बक्षीस मिळालं नाही. ती सांगत होती, गावात वडिलांनी एक प्रत विहिरीजवळच्या शेडमध्ये लावली आहे आणि आता शेजारचे काकाही आपल्या विहिरीचं माप सांगायला लागले आहेत. सांगताना तिचा आवाज जरा ओशाळलेला होता, जणू हे सगळं परीक्षेबाहेरचं होतं.

तिथं खांबाजवळ उभं असताना मला माझा थेंब आठवला. दोन रात्री जागून काढलेली ती चकाकी. आज तोच विषय मिळाला, तर मी होस्टेलच्या फाटकावर एक पाटी लावीन. टँकर किती वाजता येतो, किती हजार लिटरचा येतो, किती जणींना पुरवायचा असतो, आणि तो ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम. रोज खडूनं बदलायचे आकडे. जिन्यातली भांडणं त्यानं थांबली असती की नाही, सांगता येत नाही. पण निदान आम्ही एकमेकींशी भांडायचं सोडून कुणाशी भांडायचं, हे त्या पाटीवर वाचता आलं असतं.